निधान

उद्यमबागेत बोअर तपासायला
दोन टोकांचं गेज असतं आमच्याकडं.
एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
नऊ वर्षं मी तेच करतोय:
पास, पास, रिजेक्ट.
रिजेक्टवर लाल रंगाचा ठिपका.

लग्नानंतर सातव्या महिन्यात
तो ठिपका घरी आला.

आधी जुन्या पी.बी. रोडवरचा तंबू झाला.
बरणीत मुळ्या, कापडावर पैलवान,
अठराशे रुपयांचा अवलेह, वर चांदीचा वर्ख.
तोंडाला कुंद्याची चव आली, बाकी काही नाही.
मग पॅकिंगमधल्या गुंडू मोदगेकरनं
पेपरात बांधून गोळी दिली,
"कुणाला सांगू नको," म्हणाला,
आणि दिवसभर स्वतःच माझ्याकडं बघितलं नाही.

मुगळी मॅडमचं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्स.
तिसऱ्या खेपेला मी जिना चढलो.
पहिल्या दोनदा आधारकार्डाची झेरॉक्स काढून
परत गेलो होतो.

त्या धारवाडकडच्या, मराठी मोडकं.
माझं कानडी बाजारापुरतं.
आमच्या भाषेत त्याला दोनच शब्द,
एक शिवीतला, एक पोथीतला.
मॅडम म्हणाल्या, "अदु."
अदु म्हणजे ते.
दुसऱ्याच्या भाषेत ते इतकं हलकं असतं
ठाऊक नव्हतं मला.
मी अदुबद्दल चाळीस मिनिटं बोललो.

"पहाटे?" त्यांनी विचारलं.
पहाटे असतं, म्हटलं.
"मग मशीन बरं आहे. खोलीत तिसरं कोण असतं?"

असतो एक, खाटेच्या पायथ्याशी.
खाकी एप्रन, खिशात गेज.
तिच्या केसांत माझा हात असताना
विचारत राहतो, आता? आता?
एप्रनवर नाव शिवलंय: बी. एम. हलगेकर.
भरमा मारुती. मीच तो.

उपचार असा: तीन आठवडे अदु बंद.
मी म्हटलं, मॅडम, ते बंदच आहे की.
"बंद पडणं वेगळं, बंद ठेवणं वेगळं."
रोज अर्धा तास, दिवा चालू,
पाळीपाळीनं फक्त पाठ, हात, पावलं.
कुठंही पोचायचं नाही.

सुगंधाला सांगताना मी कुकरकडं बघत होतो.
ती म्हणाली, "मला वाटलं, मीच."
एवढंच. गॅस बारीक केला तिनं.
दोन वर्षं एकाच गादीवर
दोघं वेगवेगळा दंड भरत होतो.

पहिल्या रात्री तिची बोटं
खांद्यावरच्या डागापाशी थांबली.
फाउंड्रीत होतो तेव्हा लोखंड उडालेलं.
"हे सांगितलं नव्हतंस."
विचारलं कुठं होतंस.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
आणि ते बरं होतं.

चौथ्या रात्री हात तिच्या पाठीवर,
माझे ओठ हलत असावेत.
"काय मोजूलायस?"
मणके. खरंच मणके मोजत होतो मी.
एवढं हसलो की शेजारच्या काकतकरांनी भिंत ठोकली.
खाटेच्या पायथ्याशी त्या वेळी कोण नव्हतं,
किंवा असेल, आम्ही बघितलं नाही.

पुढच्या भेटीत मॅडम फाईलीत लिहीत होत्या.
मी मराठी शाळेचा; कानडी शिकलो बसच्या पाट्यांवरून,
त्यात समोरून उलटी अक्षरं.
नि. धा. न.
पोटात गोळा आला. निधन? निदान?
"काय निघालं, मॅडम?"
त्यांनी फाईल माझ्याकडं फिरवली.
निधान. सावकाश.
प्रत्येक शाळेच्या वळणावर रंगवलेलं असतं,
रोज तिथनंच जातो मी, ऐंशीच्या स्पीडनं.

येताना दुसरं गेट पडलेलं.
मागचे हॉर्न मारत होते,
हॉर्ननं कधी उठलंय का ते?
मालगाडी जाऊ दे. उठेल, न उठेल.
मी गाडी बंद केली, पाय टेकले.
डिकीत पावशेर कुंदा,
आज पावलांची पाळी माझी.